पर्थ, पोर्ट मोर्सबी आणि 20 वा क्लब: रग्बी लीगच्या विस्ताराचा हिशेब

पर्थमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलंय: ‘एनआरएल, म्हणजे ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा, 2027 मध्ये 18 क्लबांची होणार, 2028 मध्ये 19 ची, आणि त्यानंतर 20 ची चर्चा आहे. पर्थमध्ये हा प्रयोग एकदा साफ फसलाय. मग पुन्हा तेच कशाला? आणि क्लब आणायचाच तर आधी मोठं स्टेडियम बांधायला नको का? माझ्या मुलाला पर्थ बेअर्स या नव्या क्लबची मेंबरशिप हवी आहे, ती घ्यावी की थांबावं?’

स्टेडियमचं आधी सांगतो. आधी मोठं स्टेडियम आणि मग क्लब, हा क्रम मला पटत नाही, आणि ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगचा गेल्या चाळीस वर्षांचा अनुभवही तसा नाही. माझं काम क्लब आणि स्टेडियम यांच्यातले करार वाचायचं आणि सामन्याच्या दिवसाचा खर्च मांडून दाखवायचं आहे. तिथून बघितलं तर नवे क्लब रिकाम्या खुर्च्यांमुळे बुडाल्याचं क्वचितच दिसतं. ते ज्या अटींवर स्पर्धेत घेतले गेले, त्या अटींमुळे बुडाले. खुर्च्या नंतर रिकाम्या झाल्या.

रग्बी लीग म्हणजे तेरा खेळाडूंची, सहा टॅकलची रग्बी: चेंडू घेतलेल्याला पाडणं म्हणजे टॅकल, आणि सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. 1895 मध्ये हडर्सफील्डला, कामाचा दिवस बुडाला तर खेळाडूला भरपाई द्यायची की नाही यावरून फूट पडली आणि हा खेळ वेगळा झाला. सिडनीत 1908 पासून तो रुजला. ‘रग्बी’ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती पंधरा जणांची युनियन. ती इथे नाही.

आता 1995 चं पर्थ. त्या वर्षी स्पर्धेत एकदम चार क्लब आले: ऑकलंड वॉरियर्स, टाउन्सविलचे नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज, ब्रिस्बेनचे साउथ क्वीन्सलँड क्रशर्स आणि पर्थचे वेस्टर्न रेड्स. एका वर्षात संख्या 20 वर गेली. रेड्सचं घर होतं वाका, म्हणजे आपल्याला क्रिकेटमुळे पाठ असलेलं मैदान. पहिल्या सामन्याला वीस हजारांच्या वर लोक आले, सेंट जॉर्जला हरवलं, आणि पहिल्या मोसमात वीस संघांच्या तक्त्यात रेड्स मधोमध राहिले. नव्या संघासाठी ही कामगिरी वाईट अजिबात नव्हती.

पण प्रवेशाची एक अट अशी होती की पर्थला खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघांच्या विमानप्रवासाचा भार रेड्सनीच उचलायचा. सिडनी ते पर्थ विमानाने पाच तास. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ, सामान, हॉटेल, हे सगळं दर घरच्या सामन्याला. म्हणजे घरचा सामना हे प्रत्येक क्लबचं कमाईचं साधन, आणि रेड्ससाठी तोच खर्चाचा खड्डा. गर्दी चांगली असली तरी या हिशेबात तग धरता येत नाही, आणि नव्याचे नऊ दिवस सरल्यावर गर्दीही पातळ झाली. त्यात त्याच वर्षी रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कंपनीचं सुपर लीग आणि जुनी ऑस्ट्रेलियन रग्बी लीग यांचं युद्ध पेटलं. खेळाडूंचे पगार रातोरात फुगले, 1997 मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, आणि वर्षअखेरीस समेट होताच रेड्स बंद पडले. क्रशर्सही त्याच वर्षी गेले. सुपर लीगने उभे केलेल्या दोन नव्या क्लबांपैकी हंटर मरिनर्स 1997 लाच संपले, ॲडलेड रॅम्स एक वर्ष जास्त टिकले.

‘पर्थने रग्बी लीग नाकारली’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की प्रतिस्पर्ध्याचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढून सिडनीचा कोणता क्लब तीन वर्षं टिकला असता?

याच्या शेजारी मेलबर्न ठेवा. मेलबर्न स्टॉर्म 1998 ला आला. तिथे ऑस्ट्रेलियन रूल्सचं, म्हणजे लंबगोल मैदानावरच्या स्थानिक फुटबॉलचं साम्राज्य, रग्बी लीगची परंपरा जवळपास शून्य, आणि घरचं मैदान ऑलिम्पिक पार्क, जुनं आणि लहान. तरी दुसऱ्याच वर्षी स्टॉर्म विजेता झाला. 1999 ची ती अंतिम लढत सिडनीच्या नव्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये 1,07,999 लोकांसमोर झाली आणि सेंट जॉर्ज इलावारा 20-18 ने हरला. हे कसं जमलं? पैसा न्यूजचा होता, आणि खेळाडू बंद पडलेल्या क्लबांचे. रॉबी कर्न्स, रॉडनी हाउ, मॅट गायर पर्थहून आले. ब्रेट किमोर्ली, स्कॉट हिल, रॉबी रॉस हंटरहून. कर्णधार ग्लेन लॅझरस ब्रिस्बेनमध्ये विजेतेपदं जिंकून आलेला. पर्थचे जुने चाहते आजही चिडून म्हणतात की 1999 च्या करंडकात अर्धा वाटा आमचा आहे. अर्धा नसेल, पण बिनबुडाचं नाही ते. आणि स्टॉर्मला स्वतःचं म्हणावं असं आयताकृती स्टेडियम, सुमारे 30 हजारांचं, मिळालं ते 2010 मध्ये. बारा वर्षं भाड्याच्या जागेत काढून.

आपल्याकडेही हे घडून गेलंय, फक्त खेळ वेगळा होता. 2011 ला आयपीएलमध्ये पुणे आणि कोची आले. पुणे वॉरियर्ससाठी सहाराने 37 कोटी अमेरिकी डॉलर मोजले ते 94 सामन्यांच्या हिशेबावर. प्रत्यक्षात सामने झाले 74. गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून पहिला मोसम नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला काढला. पुढच्या वर्षी गहुंजे मिळालं, चांगलं देखणं मैदान, पण फीचं भांडण मिटलं नाही आणि 2013 ला संघ गेला. कोची तर एका मोसमात आटोपलं. पुण्यात क्रिकेटला प्रेक्षक नाहीत असं कोणी म्हणणार आहे का?

तर मग स्टेडियमचं महत्त्व नाहीच का? आहे, पण लोक मोजतात त्या आकड्यात नाही. आसनक्षमता हा सर्वांत दिखाऊ आकडा. मी आधी करार उघडतो. आपल्याकडे मंगल कार्यालय घेताना जसं भाडं एक सांगतात, आणि मग केटरर आमचाच, मांडव आमचाच, जनरेटरचे वेगळे, सफाईचे वेगळे, तसंच हे. स्टेडियम बहुतेक वेळा राज्य सरकारचं असतं, चालवणारी कंपनी तिसरीच. बिअर आणि चिप्सच्या विक्रीतला वाटा कोणाचा? कॉर्पोरेट बॉक्स आधीच दहा वर्षांसाठी दुसऱ्या कोणाला विकलेत का? मैदानाकडेच्या जाहिरातीच्या पट्ट्यांवर क्लबचा प्रायोजक दिसणार की स्टेडियमचा? प्रेक्षकामागे किती रुपये, म्हणजे डॉलर, सुरक्षा आणि स्वच्छतेचे कापले जातात? एका क्लबच्या करारात मी असं कलम पाहिलंय की वरचा मजला बंद ठेवला तरी त्याच्या सफाईचं बिल क्लबनेच भरायचं. कमी गर्दीच्या सामन्याला वरचा मजला उघडायचाच नाही, म्हणजे माणसं कमी लागतील, हा साधा विचार त्या एका ओळीने निकालात काढला होता. कलमावर सही करणारा माणूस तेव्हा जर्सीच्या रंगावर चर्चा करत होता.

म्हणून 30 हजारांच्या स्टेडियममध्ये 12 हजार लोक आणि 20 हजारांच्या स्टेडियममध्ये तेच 12 हजार लोक, यात नुसता दिसण्याचा फरक नसतो. पहिल्यात क्लब पैसे घालवतो, दुसऱ्यात बहुधा कमावतो. दिसण्याचा फरकही आहेच. सिडनीचं ऐंशी हजारांचं ऑलिम्पिक स्टेडियम पंधरा हजार लोकांना गिळून टाकतं; टीव्हीवर सामना एखाद्या सरावासारखा वाटतो. ते आयताकृती करायची योजना होती, 2020 मध्ये कोविडच्या खर्चापुढे ती रद्द झाली. उलट पॅरामॅटाचं 30 हजारांचं नवं स्टेडियम 2019 ला उघडलं. बैठकी इतक्या उभ्या आहेत की वरच्या रांगेतूनही टॅकलचा धप्प आवाज येतो. हॅरिस पार्कमध्ये डोसा खाऊन चालत जाता येतं, हा सिडनीच्या मराठी मंडळींसाठी जास्तीचा फायदा.

तुमच्या पर्थमध्ये दोन पर्याय आहेत. नदीकाठचं ऑप्टस स्टेडियम साठ हजारांचं, लंबगोल. तिथे 2019 ला स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड या मोठ्या मालिकेतला सामना झाला तेव्हा जवळजवळ साठ हजार लोक आले. मोठ्या दिवसासाठी उत्तम. पण नेहमीचं घर म्हणून एचबीएफ पार्क, 20,500 क्षमतेचं, आयताकृती, शहराच्या मध्यापासून चालत जाण्याजोगं. हा आकडा ऐकून काही लोक नाक मुरडतात. मला तो नव्या क्लबसाठी अगदी बरोबर वाटतो. तिकीट मिळेल की नाही ही धास्ती थोडी राहिली पाहिजे, तरच लोक मोसमाच्या सुरुवातीला मेंबरशिप घेतात. हवं तेव्हा दारावर तिकीट मिळणाऱ्या क्लबला आगाऊ पैसा मिळत नाही.

एचबीएफ पार्कची माझी काळजी वेगळीच आहे: हिरवळ. तिथे फुटबॉलचा पर्थ ग्लोरी आहे, युनियनचा वेस्टर्न फोर्स आहे, आणि आता बेअर्स. मार्च ते मे या काळात तिघांचे मोसम एकमेकांवर चढतात. युनियनचा स्क्रम, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फॉरवर्डांची डोकं भिडवून रेटारेटी, गवत मुळासकट उपटतो. लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर खेळाडू त्याच जागी उभा राहून पायाने चेंडू मागे सरकवतो, आणि हे बहुतेक मैदानाच्या मधल्या पट्ट्यात होतं, त्यामुळे तो पट्टा आधी उघडा पडतो. फुटबॉलवाल्यांना मात्र मैदान गालिच्यासारखं आणि कोणत्याही खेळाच्या रेषांशिवाय हवं असतं. लीगच्या रेषा दर दहा मीटरवर, शिवाय आकडे रंगवलेले. मैदान 100 मीटर लांब, त्यापलीकडे दोन्ही टोकांना ट्राय करण्याची जागा, फुटबॉलला 105. शुक्रवारी रात्री लीग आणि रविवारी फुटबॉल असेल तर शनिवार माळीकाकांची टोळी रेषा धुण्यात आणि उरलेल्यावर हिरवा रंग मारण्यात घालवते. त्यात पर्थचा पाऊस हिवाळ्यातला. जून ते ऑगस्ट उन्हाळी गवत झोपलेलं असतं, वर पेरलेल्या रायग्रासवर सगळी भिस्त. लीगचा मोसम नेमका तेव्हाच ऐन भरात येतो. नव्या क्लबच्या घोषणेत याबद्दल एक ओळ कधी नसते, पण ऑगस्टमध्ये सामना हलवावा लागला तर बातमी याचीच होईल.

बेअर्सच्या अटी 1995 च्या तुलनेत कशा आहेत? आधी एका खासगी गटाचा प्रस्ताव होता, तो एनआरएलने 2024 मध्ये फेटाळला आणि थेट पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारशी बोलणी केली. मे 2025 मध्ये प्रीमियर रॉजर कुक यांनी घोषणा केली: सरकार सात वर्षांत सुमारे 6.5 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घालणार, त्यात सराव केंद्र आणि तळागाळातल्या खेळासाठीचा पैसाही आला. क्लबची मालकी एनआरएलकडे. रेड्सच्या वेळी दूरच्या शहराला स्पर्धेत येण्याची किंमत मोजावी लागली होती. या वेळी राज्य सरकारने किंमत मोजलीये आणि जोखीम स्पर्धेने उचललीये. तीस वर्षांत करार उलटा झाला. तुमच्या ‘पुन्हा तेच कशाला’ला माझं उत्तर हेच की या वेळचं ते तेच नाही. मालकी स्पर्धेकडे असण्याचे तोटेही आहेत. जो पंच नेमतो, वेळापत्रक बनवतो, त्याच्याच मालकीचा एक संघ मैदानात, हे जास्त काळ बरं दिसत नाही. पाच-सात वर्षांत विकला जाईल असा माझा अंदाज.

मग ‘बेअर्स’ हे नाव सिडनीचं कशाला? नॉर्थ सिडनी बेअर्स 1908 च्या मूळ क्लबांपैकी एक. शेवटचं विजेतेपद 1922 चं. 1999 नंतर मॅनलीशी जबरदस्तीचं लग्न लावून ‘नॉर्दर्न ईगल्स’ केलं, ते 2002 पर्यंत कसंबसं टिकलं. क्लब खालच्या स्तरावर खेळत राहिला आणि चाहते लाल-काळी जर्सी घालून येत राहिले. पर्थला या नावातून तीन गोष्टी मिळतात: सिडनीत आयता चाहता वर्ग, पर्थचा संघ सिडनीत खेळेल तेव्हा गर्दी, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे सिडनीत खेळाडू घडवण्याची जागा. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुलं फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स खेळतात. वर्षानुवर्षं तीस खेळाडूंचा संघ भरायला लागणारी पोरं तिथे उगवायला अजून एक पिढी लागेल. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार मॅल मेनिंगा घेतलेत. ते नाव खेळाडूंच्या घरात दार उघडून देतं.

खेळाडूंचा मुद्दा लोक गर्दीच्या आणि पैशाच्या मागे टाकतात, मी पुढे घेईन. ब्रिस्बेनच्या डॉल्फिन्सना ऑक्टोबर 2021 मध्ये परवाना मिळाला आणि मार्च 2023 मध्ये पहिला सामना. मध्ये दीड वर्षसुद्धा नाही. पगाराच्या मर्यादेत त्यांना जास्तीची सूट नव्हती, बडा तारा कोणी मिळाला नाही. प्रशिक्षक वेन बेनेट यांनी मग काय केलं? स्टॉर्ममधून जेसी आणि केनी ब्रॉमविच हे दोघे भाऊ आणि फेलिसे कौफुसी असे मुरलेले फॉरवर्ड आणले, आणि त्यांच्याभोवती पोरंटोरं. पहिल्याच सामन्यात सिडनी रूस्टर्सना 28-18 ने हरवलं. मोसमाअखेर तेरावे आले, पण कोणी हसलं नाही. डॉल्फिन्सकडे एक गोष्ट होती जी 1995 च्या चारपैकी कोणाकडे नव्हती: रेडक्लिफचा 1947 पासूनचा क्लब, स्वतःचं मैदान, आणि मेंबरांच्या क्लबहाउसची धंद्यातली कमाई. मोठे सामने सनकॉर्पवर, 52,500 क्षमतेच्या सरकारी स्टेडियममध्ये, छोटे रेडक्लिफला घरच्या अंगणात. बांधकामाचा मोठा खर्च न करता क्लब उभा राहिला.

बांधकामाने काय होतं त्याचं उदाहरण दक्षिणेला तासाभरावर आहे. गोल्ड कोस्टला 1988 चा क्लब 1998 पर्यंत नावं बदलत जगला आणि संपला. 2007 मध्ये टायटन्स आले, पुढच्या वर्षी रॉबिनाला रेल्वे स्टेशनच्या बाजूला सरकारने 27 हजारांचं छान स्टेडियम दिलं. इथपर्यंत सगळं ठीक. मग क्लबने स्वतःचं भव्य केंद्र बांधायला घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. त्या इमारतीच्या कर्जाने क्लबचे हाल झाले आणि 2015 मध्ये एनआरएलला परवाना ताब्यात घ्यावा लागला. स्टेडियम होतं, प्रेक्षक होते, संघही बरा होता.

टाउन्सविल मला सर्वांत आवडतं. काउबॉइज 1995 पासून शहराबाहेर, घोडागाड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानावर खेळत होते. सुरुवातीची वर्षं भयंकर हरले. पण उत्तर क्वीन्सलँडमध्ये दुसरा कुठलाच मोठा संघ नाही, आणि गावोगावी पोरं लीगच खेळतात. 2015 ला ब्रिस्बेनला जादा वेळेत 17-16 ने हरवून विजेते झाले आणि सहकर्णधार जोनाथन थर्स्टनने त्याच रात्री भर मंचावर नवं स्टेडियम मागितलं. राजकारण्यांना त्यानंतर नाही म्हणणं अवघड गेलं. 2020 मध्ये शहराच्या मध्यात, नदीजवळ, 25 हजारांचं स्टेडियम उघडलं. पहिला कार्यक्रम एल्टन जॉनचा, पहिला सामना त्यानंतर, आणि लगेच कोविडने दारं बंद. क्लब आला 1995 ला, स्टेडियम 2020 ला. तुम्ही विचारलेला क्रम इथे बरोबर उलटा आहे.

आता 18, 19, 20 या आकड्यांचं. 16 क्लब असताना फेरीला आठ सामने व्हायचे. 17 झाले तरी आठच, एकाला सुट्टी. म्हणून मोसम 25 फेऱ्यांवरून 27 वर गेला. प्रत्येक क्लब 24 सामने खेळतो, म्हणजे एका नव्या क्लबने वर्षाला बारा सामने वाढतात. पण आठवड्याला विकायला नववा सामना मिळतो तो अठराव्या क्लबनंतर, आणि दहावा विसाव्यानंतर. एकोणिसावा क्लब आठवड्याचा गल्ला वाढवत नाही, फक्त कोणाला तरी घरी बसवतो. त्यामुळे 19 हा मुक्काम नाही, हे रग्बी लीग आयोगाचे अध्यक्ष पीटर व्हलँडिस यांनी सांगायची गरजच नव्हती. सध्याचे प्रसारण करार 2027 पर्यंत आहेत. पुढच्या बोलणीत नऊ सामने हातात असणं आणि दहाव्याचं आश्वासन देता येणं, हे विस्तारामागचं उघड गणित. त्यात पर्थचं घड्याळ सोन्याचं. सिडनीहून दोन तास मागे, म्हणजे पर्थला संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेला सामना पूर्वेला रात्री साडेआठला, एरवी रिकाम्या राहणाऱ्या वेळेत. रेड्सच्या काळात या वेळेला किंमत नव्हती. आज आहे.

कबड्डीसारखा फिरता तांडा का नाही काढत, असंही मला मराठी मित्र विचारतात. प्रो कबड्डी 2017 ला आठवरून बारा संघांवर गेली तेव्हा स्टेडियमचा प्रश्नच आला नाही. सगळी लीग मॅटसकट एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते. लीगमध्ये एका सामन्यानंतर शरीर सावरायला पाच-सहा दिवस लागतात आणि गवत सावरायला त्याहून जास्त. तांडा चालणार नाही.

पापुआ न्यू गिनीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा निराळा. डिसेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बनीझ आणि पापुआ न्यू गिनीचे पंतप्रधान जेम्स मरापे यांनी सिडनीत घोषणा केली: 2028 पासून पोर्ट मोर्सबीचा संघ (नंतर त्याचं नाव चीफ्स ठरलं), आणि ऑस्ट्रेलियन सरकारचे दहा वर्षांत 60 कोटी डॉलर, ज्यातला बराच भाग बाकीच्या पॅसिफिक बेटांवरच्या लीगसाठी. सोबत सुरक्षेचा समझोता. चीनच्या वाढत्या वावराची काळजी नसती तर कॅनबेराने एका रग्बी संघासाठी एवढा पैसा ओतला नसता, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काहीजण या क्लबला ‘परराष्ट्र खात्याचा संघ’ म्हणून हिणवतात.

मला तो हिणवण्याचा सूर आवडत नाही. जगात रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ मानणारा देश हा एकच. मार्कस बाय 1999 च्या त्या स्टॉर्म संघात विंगवर होता, जस्टिन ओलाम 2020 च्या. पीएनजी (पापुआ न्यू गिनी) हंटर्स 2014 पासून क्वीन्सलँड कप या खालच्या स्तरावरच्या स्पर्धेत खेळताहेत आणि 2017 ला सनशाइन कोस्टला 12-10 ने हरवून विजेते झाले, तेही ब्रिस्बेनमध्ये. म्हणजे प्रवास, व्हिसा, पाहुण्या संघांची राहण्याची व्यवस्था यांची तालीम दहा वर्षांहून जास्त चालू आहे. पोर्ट मोर्सबीचं स्टेडियम सुमारे 15 हजारांचं, 2017 च्या विश्वचषकात तिथे यजमानांचे सामने झाले. ते भरेल का, ही शंकाच नाही. भिंतीबाहेर किती लोक उभे राहतील आणि त्यांना कसं आवरायचं, ही शंका आहे. तिथे माझ्या धंद्यातल्या माणसाला रांगांचं नियोजन, फाटकांची रुंदी, जनरेटर, रुग्णवाहिकेचा मार्ग यांवर जास्त डोकं लावावं लागेल. घड्याळ सिडनी-ब्रिस्बेनचंच आहे, ही प्रसारणवाल्यांची सोय.

अडचण आहे ती माणसं तिथे राहायला तयार करण्याची. सिडनीत वाढलेला चोवीस वर्षांचा खेळाडू बायको-मुलांसह पोर्ट मोर्सबीला कुंपणाच्या आतल्या वसाहतीत का जाईल? उत्तर म्हणून तिथल्या सरकारने खेळाडूंचा पगार करमुक्त केला. एनआरएलची पगारमर्यादा करापूर्वीच्या आकड्यावर मोजतात. ऑस्ट्रेलियात वरच्या टप्प्याला 45 टक्के कर. म्हणजे मर्यादेत तेवढाच दिसणारा पगार चीफ्सच्या खेळाडूच्या हातात जवळपास दुप्पट पडू शकतो. बाकीचे क्लब यावर कुरकुर करताहेत आणि त्यांच्या जागी मीही केली असती. पण अशी सवलत नसेल तर संघ भरणार नाही, हेही तितकंच खरं. माझ्या मते ती सवलत ठेवावी आणि तिला मुदत घालावी, पहिली पाच वर्षं वगैरे. मुदत नसलेली सवलत पुढे भांडणाचं मूळ होते. आणि सर्वांत मोठा धोका दहाव्या वर्षानंतरचा: सरकारी पैसा थांबला की पुढे काय? तोवर हंटर्सच्या मुलांमधून निम्मा संघ उभा राहिला तर क्लब राहील.

विसावा कोण? ब्रिस्बेनच्या पश्चिमेला इप्सविचचा दावा जुना आहे. न्यूझीलंडचा दुसरा क्लब म्हणून क्राइस्टचर्चचंही नाव आहे. 2011 च्या भूकंपात जुनं मैदान गेलं, त्याच्या बदल्यात तिथे छताचं, 30 हजारांचं नवं स्टेडियम उभं राहिलंय, 68 कोटींहून जास्त न्यूझीलंड डॉलर खर्चून, बहुतांश नगरपालिकेच्या करातून. इमारतीचा खर्च दुसऱ्याने केलेला आणि हिवाळ्यात पावसाची चिंता नाही. माझं मत क्राइस्टचर्चला. पण युनियनच्या त्या बालेकिल्ल्यात पोरं कुठून आणणार, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. आणि घाई केली तर काय होतं ते 1999 ला दिसलंच: 20 वरून 14 वर यायचं म्हणून साउथ सिडनीला बाहेर काढलं, 2000 मध्ये सिडनीच्या रस्त्यांवर ऐंशी हजारांच्या आसपास लोक उतरले, कोर्टकज्जे झाले, आणि 2002 ला क्लब परत घ्यावाच लागला. घेतलेला क्लब काढणं न घेण्यापेक्षा कैक पटींनी महाग पडतं.

आता मुलाची मेंबरशिप. घ्या, आणि पहिल्याच वर्षी घ्या. बहुतेक क्लबांत मेंबरांना पुढच्या वर्षी तीच जागा राखून ठेवायचा पहिला हक्क मिळतो, आणि 20,500 च्या मैदानात चांगल्या जागा लवकर संपतात. घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या: ऑप्टसवर होणारे सामने त्यात धरलेत का, आणि सामना दुसरीकडे हलवला तर पैसे परत की नुसती दुसरी जागा. जागा गोलपोस्टच्या मागे नको. मधल्या रेषेपासून वीस मीटरच्या आत, पण खालच्या पाच-सहा रांगा सोडून. अगदी पुढे बसलं की बचावाची रांग दिसत नाही, आणि लीग समजायची तर तीच बघायची असते. आणि पर्थचा जुलै आहे, मुलाला रेनकोट द्या.